दोन बाजूंनी घातलेली वेणी

तानुबाईच्या पायाला भिंगरी आहे, हे साताऱ्यातल्या निदान तीन पेठा शपथेवर सांगतील. पन्नासएक वर्षांपूर्वी ती आटपाडीकडून लग्न होऊन इथल्या एका पाथरवटाच्या घरात आली. त्यानंतर पाऊसपाण्याचे दिवस सोडले तर ती सकाळी सातनंतर घरात सापडली असं कधी झालं नाही. खांद्याला गोणपाटाची पिशवी. पिशवीत दोन टाक्या, म्हणजे टोकदार पोलादी खिळे, एक आखूड दांड्याचा हातोडा आणि एक छिन्नी. आणि गल्लीच्या तोंडाशी हाक, "पाट्याला टाकीऽ, जात्याला टाकीऽ."

वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, नुसती घसरते. मग टाकीने टोचून टोचून दगडाला पुन्हा खरखर आणावी लागते. या कामालाही टाकीच म्हणतात. तानुबाई टोचायच्या आधी पाट्यावरून तळहात फिरवायची, तेही डोळे मिटून. "ह्या घरात डावरी सून आलीया," असं तिने एका पाट्यावरून ओळखलं होतं आणि ते खरं निघालं होतं. कडेने ती माशाच्या काट्यासारखी तिरकी नक्षी काढून द्यायची. नव्या नवरीच्या पाट्यावर एक मासोळी.

पिशवीतली छिन्नी मात्र तिची नव्हती. ती तिच्या नवऱ्याची, धनाजीची. त्यांच्या घरात बायकांनी टाकी धरायची आणि पुरुषांनी छिन्नी, म्हणजे टोचणं बाईचं आणि कोरणं पुरुषाचं, अशी रीत होती. ती कुणी घालून दिली होती ते कुणालाच माहीत नव्हतं. धनाजी नऊ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून छिन्नी पिशवीत बसून गावभर हिंडत होती, एवढंच.

मिक्सर आले आणि काम गेलं. आता वर्षाकाठी पाच-सहा घरं, एक-दोन खानावळी. काम गेलं तरी भिंगरी काही गेली नाही. तानुबाई रोज निघायची, हाक द्यायची आणि रिकामी परत यायची. तिची मोठी जाऊ रंगुबाई दारात बसलेली असायची. दोघी विधवा, एकाच चुलीवर.

"मिळालं का गं गिऱ्हाईक?"

"न्हाई, आक्का."

"मग घसा कशापायी ताणतीस? कावळ्यागत."

दोन हजार तेवीस सालच्या नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर, गुरुवारी सोळा तारखेला जयराज मास्तरांचा फोन आला. मास्तर पूर्वी साताऱ्यात शाळेवर होते, तेव्हा त्यांच्या घरचा पाटा तानुबाईकडे असायचा. निवृत्त होऊन ते सांगलीच्या अलीकडे आपल्या गावी गेले. तिथे मिशनच्या आवारात दगडी चर्च आहे, आणि मास्तर त्याच्या पंच कमिटीचे प्रमुख. चर्चला सव्वाशे वर्षं होत होती. रविवारी, सव्वीस तारखेला उपासना होती, बाहेरगावची माणसं येणार होती. "एका दगडाला टाकी लावायची आहे," मास्तर म्हणाले. "पाटा नव्हे. दरवाजाच्या कमानीचा दगड आहे."

शुक्रवारी सकाळच्या एसटीने ती गेली.

दरवाजा पाहून तिने पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली. काळ्या दगडाची अर्धगोल कमान, आणि दोन्ही पायांपासून वरपर्यंत दगडावर वेणी कोरलेली. तीन पेडांची, प्रत्येक पेडावर दोन बारीक खोबणी. शंभर वर्षांचा चुना नुकताच खरवडून काढला होता. अगदी माथ्यावरचा दगड तेवढा नव्हता. तिथे लाकडी टेकू दिले होते.

"पिंपळाचं मूळ शिरलं होतं आत," मास्तरांनी सांगितलं. "जुलैत माथ्याचा दगड फुटून खाली आला. कुणी काही म्हणायच्या आत कामगारांनी तुकडे राडारोड्यात टाकले. ते आता रस्त्याच्या खड्ड्यात आहेत."

सांगलीचा देवदत्त नावाचा तरुण आर्किटेक्ट तिथे होता. बोलका आणि आपल्या कामावर मनापासून जीव असलेला मुलगा. त्याने तिला आतल्या खोलीत नेऊन काचेच्या चौकटीतला पिवळा कागद दाखवला. चर्च बांधणाऱ्या मिशनरीने आपल्या देशातून तो नमुना आणला होता.

"मावशी, ही नक्षी बाराशे वर्षांपूर्वीची आहे. तिकडच्या जुन्या चर्चमध्ये माणसांच्या मूर्ती फार नसायच्या. दगडाचा सगळा पृष्ठभाग अशा वेण्यांनी, गाठींनी, वेलींनी भरून काढायचे. बोटभर जागा मोकळी सोडायची नाही. आणि पेड कुठे तुटायचा नाही, वर-खाली, वर-खाली, न संपणारा. तोच नमुना आपल्या इथल्या पाथरवटांनी कोरला."

कागदावर खरोखरच एक अखंड वेणी कमानीच्या एका पायातून निघून माथ्यावरून दुसऱ्या पायात उतरत होती.

नवा दगड गोणत्यांवर ठेवलेला होता. सांगलीत प्रबुद्ध नावाच्या माणसाच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या मशीनवर तो कापून आणला होता. वेणीची कड अन् कड सुरीसारखी.

"जुन्या दगडांशेजारी हा साबणाच्या वडीसारखा दिसतो," देवदत्त म्हणाला. "तेवढा टोचून जुना करून द्या."

तानुबाईने डोळे मिटून नव्या दगडावर तळहात फिरवला. मग शिडी मागितली. मास्तर नको नको म्हणत असताना ती वर चढली, माथ्याच्या डाव्या दगडावर हात फिरवला, उजव्यावर फिरवला, पुन्हा डाव्यावर. खाली आली आणि पिशवी खांद्याला लावली.

"उद्या येते."

"अहो, पण काम?" मास्तर म्हणाले. "एक टोचाही मारला नाहीत."

"हात चालंना, मास्तर. कशापायी त्ये मला बी कळंना. उद्या येते."

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, पण ती बाहेर पाहत नव्हती. बसमधल्या बायकांच्या पाठी पाहत होती. वेण्याच वेण्या. कॉलेजच्या मुलीची पाठीवर रुळणारी, नर्सबाईंची आखूड, कुणाची गजऱ्यात अर्धी बुडालेली. कऱ्हाडला बायका उतरल्या, दुसऱ्या चढल्या, तिने त्यांच्याही पाठी पाहिल्या. नव्या दगडात काहीतरी खोटं होतं. तळहाताला कळलं होतं, तोंडाला सांगता येत नव्हतं. आणि टाकी लावली की संपलं. एकदा तिने टोचून त्याला जुना केला की तो खोटा दगड खऱ्यांच्या रांगेत जाऊन बसणार, आणि पुढची शंभर वर्षं कुणाला शंका येणार नाही. ते काम तिच्या हातचं असणार. साताऱ्याच्या स्टँडवर उतरली ती घरी न जाता पाय मोकळे करायला म्हणून दोन पेठा फिरून आली.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी रंगुबाई फणी घेऊन तिच्यापुढे बसली. तिचा हात वर उचलत नव्हता, म्हणून वेणी रोज तानुबाई घालायची.

"माझ्या डोक्यावर किती केस ऱ्हायल्यात अन् तू तीन पेड करतीस. एकाला एक बी न्हाई येनार."

"गप बस आक्का, हालू नगो."

"काल काय त्या मिशनात जेवली न्हाईस व्हय? आल्यापासनं पिंजऱ्यातल्या पोपटावानी फिरतीयास."

बाहेरचा पेड आत, दुसऱ्या बाजूचा आत. एकेक पेड मधल्यावर चढत होता आणि मध्ये बाणाचं टोक तयार होत होतं. एकाखाली एक, सगळी टोकं खाली, वेणीच्या शेवटाकडे. तिने विणलेली वेणी हातात धरून वर उचलली आणि उलटी करून पाहिली. टोकं आता वर.

"आगं केस तोडतीस का काय?"

"आक्का, वेणीला तोंड असतंय. कुठनं निघाली न् कुठं चालली, ते तिच्याकडं बगून कळतंय."

"मग? त्यात काय नवं? ल्हानपनी माजी आई दोन वेण्या डोईवरनं घेऊन माथ्यावर बांधायची. दोन्ही वेण्या नाकाला नाक लावून हुब्या. टोकं दिसू नयेत म्हनून वर राखडी."

राखडी म्हणजे डोक्यात घालायचा गोल दागिना. रंगुबाईच्या आईची पितळेची होती. पण तानुबाईने पुढचं ऐकलंच नाही. तिने वेणी अर्धीच सोडली आणि पिशवी उचलली.

"आगं गाठ तरी मार," रंगुबाई मागून म्हणाली. "येडी."

साडेअकराला ती चर्चच्या दारात होती. मास्तर आणि देवदत्त दोघेही तिथेच होते. देवदत्तच्या चेहऱ्यावर, म्हातारीने एक दिवस खाल्ला, हे स्पष्ट दिसत होतं. तानुबाईने सुंभाचे सहा तुकडे मागून घेतले. तीन डाव्या टेकूला बांधले, तीन उजव्या.

"मास्तर, तिकडनं तुमी वेणी घाला. हिकडनं मी घालते. येती का?"

"तीन मुलींचा बाप आहे मी," मास्तर म्हणाले. "पंधरा वर्षं रोज सकाळी तेच केलंय."

दोघेही विणत विणत मध्यावर आले. दोन वेण्या समोरासमोर थांबल्या.

"आता ह्या एकमेकीत इणून दावा, सायेब."

देवदत्तने सुंभ हातात घेतला. एक पेड वर घेतला, एक खाली. पाहिलं, सोडलं. दुसऱ्या तऱ्हेने करून पाहिलं. डावीकडची टोकं उजवीकडे पाहत होती आणि उजवीकडची डावीकडे.

"ही गाठ होईल," तो शेवटी म्हणाला. "वेणी नाही होणार."

"वर बगा. दगडात बी तसंच हाय. डाव्या पायाकडनं वेणी वर चढलीया, उजव्या पायाकडनं बी वरच चढलीया. तुमी डावीकडची तशीच पुढं नेली माथ्यावरनं. तिकडं ती उलट्या तोंडाच्या वेणीवर जाऊन आपाटती. तिथं तुमच्या मशीननं एक पेड दुसऱ्याच्या पोटात दडवलाय. माझ्या हाताला त्योच लागला."

देवदत्त आत जाऊन चौकटीतला कागद घेऊन आला. "पण नमुन्यात वेणी अखंड आहे."

"कागूद खराच हाय. कागदावर एकाच मानसानं एका टोकाकडनं घातली. हितं दोन पाथरवट दोन पायांपाशी बसलं असत्याल. ज्यानं त्यानं आपल्या बायकूची, लेकीची वेणी बगितलेली. खालनं सुरू केली, वर गेली."

"म्हणजे चूक झाली त्यांची."

"झालीच की. अन् माथ्यावर आल्यावर त्यास्नी ती कळली. मग मधी कायतरी ठिवलं."

"कशावरून?"

"शिडीवर चढा. डाव्या दगडाच्या कडंला बोट लावा."

देवदत्त चढला. डाव्या दगडाच्या कडेला करंगळीएवढा बाक होता, उजव्याच्या कडेलाही. त्याने दोन्हीकडे बोट फिरवलं आणि खाली न उतरता तिथेच उभा राहिला. आपल्या नकाशात त्याने त्या दोन्ही जागा 'टवका उडालेला, भरून घेणे' अशा लिहिल्या होत्या. आता बोटाखाली छिन्नीच्या एकसारख्या खुणा लागत होत्या. टवका उडाला की अशा खुणा राहत नाहीत. तिथे गोल काहीतरी होतं, आणि ते शेजारच्या दोन्ही दगडांवर थोडं थोडं पसरलेलं होतं.

"राखडी," तानुबाई खालून म्हणाली.

मग त्या गोलात काय होतं याचा शोध सुरू झाला. मास्तरांनी घरून लग्नाच्या फोटोंचे आल्बम आणवले. पन्नास वर्षांतली सगळी जोडपी त्याच दारात उभी होती, आणि प्रत्येक फोटोत माथ्यावर विजेचा दिवा, त्याची लोखंडी कडी आणि तिला गुंडाळलेला फुलांचा हार. त्याखाली चुन्याचे थर.

"चौऱ्याहत्तर वर्षं या दारातून जातोय मी," मास्तर म्हणाले. "माझा बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं. एकदाही मान वर करून पाहिलं नाही."

दुपारपर्यंत कमिटीतल्या सगळ्यांना बातमी गेली होती आणि ज्याला त्याला त्या गोलात काय असावं ते माहीत झालं होतं. कुणी फोनवर क्रूस सांगितला. कुणी कबुतर, कुणी १८९८ हा आकडा. देवदत्तचं मत कमळ असं पडलं, कारण इथले कारागीर. तानुबाई आवारात फेऱ्या मारत होती. विहिरीपर्यंत जायची, परत यायची. दगड खोटा आहे हे तिने सांगितलं होतं, पण आता त्याच्या जागी दुसरं खोटं येऊ घातलं होतं, आणि ते अधिक देखणं असणार होतं.

शिवाय दगड. प्रबुद्धचं मशीन महिनाअखेरपर्यंत मोकळं नव्हतं. उपासना आठ दिवसांवर आलेली.

"ह्योच दगड उलटा करा," फेरी मारता मारता ती थांबून म्हणाली. "मागची बाजू कोरी हाय. इंचभर पुढं घ्या, म्हंजी गोल उठवायला दगड मिळतुय. मशीनची वेणी जाऊ दे भिंतीच्या आत. खोबणीत चुन्याचा मसाला चांगला धरंल."

मास्तर हसले. "इतकी महागाची वेणी पाठीमागे लपवायची?"

"वेणी पाठीलाच असती, मास्तर."

देवदत्तही हसला, मग गंभीर झाला. "कोरणार कोण? हातछिन्नीचं काम करणारी माणसं आठवड्यात मिळणार नाहीत."

तानुबाईने पिशवीत हात घातला. छिन्नी काढली, पदराने पुसली.

"मी कोरते."

मास्तरांना तिच्या घरची रीत ठाऊक होती. धनाजी असता तर हे त्यालाच सांगितलं असतं.

"कधी कोरलंय का, तानुबाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई. पर चाळीस वरसं शेजारी बसून बगितलंय."

सोमवारी वीस तारखेला तिने पहिला घाव घातला. त्याआधी तासभर ती दगडाभोवती फिरली. टाकी दगडात उभी बसते, छिन्नी तिरकी चालते. हाताला सवय उभ्याची. पहिल्या दिवशी निम्मं काम गेरूने आखण्यातच गेलं, गोलाच्या दोन बाजूंना चार-चार बोटं वेणी, दोन्हींची टोकं गोलाकडे. दुसऱ्या दिवशी डावी वेणी उठली. बुधवारी उजव्या वेणीच्या कडेचा नखाएवढा पोपडा उडाला. तानुबाईने हातोडा ठेवला, आवाराला तीन फेऱ्या घातल्या, विहिरीवर तोंड धुतलं, आणि चौथ्या फेरीला देवदत्तने तिला अडवलं.

"मावशी, आतापर्यंत माझ्या नकाशात चार चुका सापडल्या. तुमची एकच आहे."

"तुमची पुसता येती, सायेब."

पण ती परत जाऊन बसली.

घरी रंगुबाईला हे सगळं पसंत नव्हतं. "बाईनं छिन्नी धरली म्हनून लोक काय म्हनत्याल?" तिने मंगळवारी विचारलं होतं. बुधवारी म्हणाली, "धनाजी काय म्हनला असता?" गुरुवारी सकाळी तिने न बोलता तानुबाईच्या पिशवीत एक भाकरी जास्त ठेवली, आणि मग म्हणाली, "आज माजी वेणी तेवढी पुरी घालून जा."

गुरुवारी दुपारी गोल पुरा उठला. स्वच्छ, वाटीच्या पाठीसारखा, पण आत काहीच नाही. मास्तर, देवदत्त आणि कमिटीतले दोघं भोवती उभे राहिले. त्यांच्यात क्रूसावर जवळजवळ एकमत झालं होतं. देवदत्तने कागदावर एक काढूनही आणला होता, लहान, सुरेख.

तानुबाईने तो कागद पाहिला. तिला वाईट वाटलं, कारण तो खरोखर चांगला होता.

"मास्तर, ह्यो हितं हुता का?"

"असू शकेल."

"म्हाईत हाय का?"

मास्तरांनी चष्मा काढला. शाळेत मुलांच्या वहीवर तांबडी रेघ मारताना ते जसे थांबायचे तसे थांबले. "नाही," ते म्हणाले. "माहीत नाही."

"मग मी न्हाई कोरनार. वेणीचं मला दिसतंय, म्हनून कोरलं. गोलाचं दिसतंय, म्हनून उठवला. आतलं कुणाला बी दिसत न्हाई."

"पण मोकळा कसा ठेवायचा?" कमिटीतले एक जण म्हणाले. "सगळी कमान भरलेली आणि नेमका माथा रिकामा. लोक विचारतील."

"मोकळा न्हाई ठेवत," तानुबाई म्हणाली, आणि तिने छिन्नी पिशवीत टाकून टाकी काढली.

मास्तरांनी सगळ्यांना मागे सारलं. मग तिचा तो जुना, एकसारखा आवाज सुरू झाला, टक् टक् टक्, साताऱ्याच्या पेठांतून ऐकू यायचा तोच. गोलाच्या कडेपासून ती फिरत फिरत आत येत होती, टोच्याला टोचा लागून, बारीक, चटणीच्या पाट्याला लावतात तसे. इथे तिचा हात अडखळला नाही. तासाभरात गोलाचा पृष्ठभाग भरून गेला आणि बोटभर जागा मोकळी राहिली नाही. तरी काही कोरलं आहे असंही कुणाला म्हणता आलं नसतं. मास्तरांनी पाहिलं आणि घरी फोन करून बायकोला सांगितलं, "आपल्या पाट्यासारखंच आहे गं."

"लोकं इचारत्याल तवा सांगा," तानुबाई टाकी पुसत म्हणाली, "हितं काय हुतं ते म्हाईत न्हाई, म्हनून नुसतीच टाकी लावलीया."

शुक्रवारी दगड चढला. गवंड्याने मागच्या वेणीच्या खोबणीत मसाला ठासला, चौघांनी दगड सरकवला. दोन्ही बाजूंचे बाक गोलाला जुळले. उजवीकडे केसभर फट राहिली आणि तीही मसाल्याने भरली. टेकू काढले तेव्हा मास्तर डोळे मिटून उभे होते. देवदत्तने आपल्या नकाशात 'टवका उडालेला' हे शब्द दोन ठिकाणी खोडले आणि पेन्सिलीने 'राखडी' लिहिलं.

"रविवारी या," मास्तर तानुबाईला म्हणाले. "पहिल्या रांगेत बसवतो."

"बगते," ती म्हणाली. रविवारी ती आली नाही. रंगुबाईचा गुडघा धरला होता, हे एक कारण. दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही.

त्याच शुक्रवारी एसटीला वेळ होता तेव्हा ती कमानीखाली एकटी उभी राहिली होती. दुपारचं तिरपं ऊन माथ्यावर पडलं होतं आणि टोच्यांमध्ये बारीक सावल्या भरल्या होत्या. काम बरं झालं होतं. पोपडा उडाला ती जागा तिला इथूनही दिसत होती. काम संपलं की घरधनिणीला सांगायचं ते वाक्य सवयीने तिच्या तोंडात आलं, "गुळगुळीत झाला की हाक मारा." आणि ती बोलता बोलता थांबली. वर त्या दगडावर कोण चटणी वाटणार होतं? तिच्या हातून गेलेला हा पहिलाच दगड, जो तिला पुन्हा बोलावणार नव्हता.

ती फाटकापर्यंत गेली, वळून पाहिलं, पुन्हा चालायला लागली. स्टँडवर बस उभी होती, पण तिने ती सोडली आणि पिशवी सावरून गावातल्या पहिल्या गल्लीत शिरली. छिन्नी टाक्यांवर आपटून वाजत होती. या गावात तिला कुणी ओळखत नव्हतं. तरी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिने हाक दिली.

चौथ्या दारातून एक बाई डोकावली. "पाटा हाय," ती म्हणाली, "पर लय वरसं झाली, पालथा पडलाय."

"आना की भाईर," तानुबाई म्हणाली आणि उंबऱ्यापाशी बसली.